अमेरिकेतल्या कॉलेजांत क्रिकेट होतं, मग ते गेलं कुठे?

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची बैठक झाली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट घ्यायचं ठरलं, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते. त्या आनंदात बऱ्याच जणांच्या लक्षातच आलं नाही की त्याच बैठकीत बेसबॉललाही परत आत घेतलंय. मग २०२४ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप अमेरिका आणि वेस्ट इंडीजमध्ये मिळून झाला, सौरभ नेत्रावळकर या आपल्या मुंबईच्या पोराने पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला मॅच जिंकून दिली, आणि सगळ्या ग्रुपांवर एकच सूर लागला, बघा, शेवटी आपणच अमेरिकेला क्रिकेट शिकवलं.

आता नेत्रावळकर कॉर्नेल विद्यापीठात मास्टर्स करायला गेला होता, ते कौतुक आहेच. पण अमेरिकन कॉलेज आणि क्रिकेट ही जोडी त्याच्या दीडशे वर्षं आधीची आहे. ७ मे १८६४ ला फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड कॉलेजने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला क्रिकेटमध्ये ८९-६० असं हरवलं होतं. तेव्हा आपल्याकडे पारशी पोरं मुंबईच्या मैदानात नुकती कुठे रुळत होती.

मग प्रश्न पडतो की हे सगळं गेलं कुठे. यावर ठरलेलं उत्तर तयार असतं, "अमेरिकन लोकांना पेशन्स नाही, क्रिकेट लांबलचक, बेसबॉल झटपट." मला हे उत्तर पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला जरा सुरुवातीपासून यावं लागेल.

आधी बेसबॉल म्हणजे काय ते, खो-खोच्या भाषेत

बेसबॉल समजत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला मी खो-खो आठवायला सांगतो. खो-खोमध्ये एक टीम थोडा वेळ पळते, मग बसते, मग दुसरी पळते, अशा आळीपाळीने पाळ्या होतात. बेसबॉलचं तसंच आहे, फक्त तिथे घड्याळ नाही, तीन जण आउट झाले की पाळी संपली, आता तुम्ही फिल्डिंगला. अशा नऊ पाळ्या प्रत्येकाला. क्रिकेटमध्ये मात्र एकदा बॅटिंगला उतरलात की सगळे आउट होईपर्यंत तुमचंच राज्य.

बाकी बॉल टाकणारा तो पिचर, मारणारा तो बॅटर, आणि चार कोपऱ्यांना चार बेस. बॅटरने मारलं की पळत सुटायचं, चारी बेसना शिवून घरी परत आलात की एक रन. झालं, या लेखापुरतं एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात ठेवा कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. क्रिकेटमध्ये बॉल बहुतेक वेळा जमिनीवर टप्पा घेऊन बॅटपर्यंत येतो आणि बेसबॉलमध्ये तो हवेतूनच येतो.

तेव्हाचा बेसबॉल आजच्यासारखा नव्हता

विटीदांडूचे नियम कसे, तुमच्या गावचे वेगळे, शेजारच्या गावचे वेगळे, आणि दोन्हीकडचे लोक शपथेवर सांगणार की आमचेच खरे. अमेरिकेत १८५० च्या दशकात बेसबॉलचं तेच होतं. मुख्य दोन प्रकार, एक न्यूयॉर्कचा आणि एक मॅसॅच्युसेट्सचा.

कॉलेजांमधली पहिली बेसबॉल मॅच १ जुलै १८५९ ला पिट्सफील्ड गावात झाली, अ‍ॅमहर्स्ट विरुद्ध विल्यम्स, तीही मॅसॅच्युसेट्सच्या नियमांनी. एका बाजूला १३ खेळाडू. एक आउट की अख्खी टीम आउट. आणि पळणाऱ्याला आउट करायचं तर सरळ बॉल फेकून मारायचा, म्हणजे आपली आबाधुबीच की. स्कोअर झाला ७३-३२, अ‍ॅमहर्स्ट जिंकलं. सोबत बुद्धिबळाचाही सामना ठेवला होता, म्हणजे अंगात पण दम आणि डोक्यात पण दम असं दाखवायचं होतं, आणि तोही अ‍ॅमहर्स्टनेच जिंकला.

यातला माझा आवडता भाग म्हणजे अफवा. विल्यम्सच्या बाजूला कुजबुज सुरू झाली की अ‍ॅमहर्स्टचा बॉल टाकणारा विद्यार्थी नाहीच, तो गावातला लोहार आहे, भाड्याने आणलाय, त्याशिवाय का कोणी इतके तास असा बॉल टाकू शकेल. आपल्याकडच्या आंतरकॉलेज स्पर्धा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा आरोप ओळखीचा वाटेल. कॉलेज बेसबॉलची पहिली मॅच आणि "बाहेरचा प्लेअर आणला" हे भांडण, दोघांचा वाढदिवस एकच.

पुढे न्यूयॉर्कवाल्यांचा प्रकार जिंकला. त्यांच्या १८५७ च्या बैठकीत नऊ डाव ठरले, नाहीतर त्याआधी जो आधी २१ रन करेल तो जिंकला असा हिशेब होता. गंमत म्हणजे त्यांच्यातही सुरुवातीला एका टप्प्यावर झेल घेतला तरी आउट! म्हणजे आपल्या गल्लीतलं "वन टिप". क्रिकेटवाले यावर हसायचे, पोरखेळ म्हणायचे, शेवटी १८६५ च्या सीझनपासून तो नियम काढला आणि सरळ झेल पकडला तरच आउट झालं.

हॅवरफर्डला क्रिकेट आलं कुठून

हॅवरफर्ड कॉलेज १८३३ मध्ये क्वेकर लोकांनी काढलं. क्वेकर म्हणजे साधेपणाने राहणारा आणि लढाईला ठाम नाही म्हणणारा ख्रिस्ती पंथ. कॉलेजची बाग आखायला विल्यम कार्विल नावाचा इंग्लिश माळी ठेवला होता आणि पोरांना क्रिकेट त्याने शिकवलं असं तिथे सांगतात. म्हणजे ज्याने हिरवळ लावली त्यानेच खेळ दिला, हे किती बरोबर जमलंय बघा.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पोरांची गोष्ट अशीच आहे. फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागात कापडगिरण्या होत्या, तिथे इंग्लंडच्या नॉटिंगहॅमकडून आलेले विणकर सुट्टीच्या वेळात क्रिकेट खेळायचे, ते बघून विल्यम रॉच विस्टर आणि त्याच्यासारखी बड्या घरची पोरं शिकली. अमेरिकन क्रिकेटचा जनक म्हणतात त्या विस्टरला. साहेबांचा खेळ म्हणून आपण ज्याला ओळखतो तो तिथे माळी आणि गिरणी कामगारांकडून वर चढला, हे मला फार आवडतं.

आणि त्या ८९-६० वाल्या मॅचची तारीख परत बघा, ७ मे १८६४. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. व्हर्जिनियात विल्डरनेसची भयानक लढाई ५ मे ते ७ मे चालू होती, म्हणजे इकडे पोरं बॅट घेऊन उभी असताना तिकडे जंगलात त्यांच्याच वयाची पोरं मरत होती. सैन्याच्या छावण्यांमध्येही खेळ चालायचे, पण तिथे मुख्यतः बेसबॉल, आणि का ते आता बघू.

लांबी नव्हे, जमीन

आपण लहानपणी टेनिस बॉलने का खेळलो? सीझनचा बॉल महाग हे खरं, पण दुसरं कारण असं की गल्लीतल्या त्या खडबडीत जागेवर सीझनचा बॉल टाकला तर एक पायाशी लोळत जाईल आणि पुढचा थेट दातावर येईल. बॉल जमिनीवर टप्पा घेणार म्हटल्यावर जमीन सपाट हवी, रोलर हवा, पाणी हवं, गवत कापणारा माणूस हवा. म्हणजे मैदान हे तुमच्या टीमचं बारावं माणूस असतं आणि त्याला पगार द्यावा लागतो.

बेसबॉलला यातलं फारसं काही नको. बॉल हवेतून येतो, त्यामुळे पिचर आणि बॅटरच्या मधे खड्डा असला तरी चालतं. कापणी झालेलं शेत, छावणीमागचा माळ, कॉलेजच्या इमारतीमागची मोकळी जागा, कुठेही चार पोती टाका आणि सुरू करा. युद्धात सैनिकांना हेच परवडणारं होतं, आणि युद्ध संपल्यावर ते घरी गेले ते हा खेळ घेऊन.

कॉलेजला अजून एक अडचण, कॅलेंडरची. अमेरिकेच्या ईशान्य भागात एप्रिलपर्यंत गारठा असतो आणि जूनमध्ये कॉलेज बंद होतं, मग क्रिकेटची पट्टी तयार होऊन नीट खेळायला मिळणार किती, तर पाच-सहा आठवडे. बेसबॉलवाले थंडीत जिमखान्याच्या छताखाली जाळी लावून पिचिंग-बॅटिंग करत बसायचे. हॅवरफर्डने यावर उपाय काढला, थंडीत सराव करायला क्रिकेटसाठी शेड बांधली, इंग्लंडहून व्यावसायिक कोच आणले, त्यात लेस्टरशायरचा वेगवान बोलर आर्थर वुडकॉकही होता. आणि म्हणून हॅवरफर्डला क्रिकेट टिकलं. १८८१ मध्ये हॅवरफर्ड, पेनसिल्व्हेनिया, हार्वर्ड वगैरे कॉलेजांनी मिळून क्रिकेटची संघटना काढली, ती १९२४ पर्यंत चालली. १८९६ मध्ये हॅवरफर्डची टीम जहाजाने इंग्लंडला गेली, तिथल्या शाळांशी खेळायला.

मला सांगायचंय ते एवढंच आहे, जिथे गवत, शिकवणारा आणि वेळ या तीन गोष्टी मिळाल्या तिथे अमेरिकन पोरं आनंदाने क्रिकेट खेळली. पेशन्सचा प्रश्न आलाच नाही.

"पण क्रिकेट पाच दिवसांचं, बेसबॉल तीन तासांचा"

हा आक्षेप येणारच. पण कॉलेजच्या मॅचेस काय पाच दिवसांच्या नव्हत्या, बहुतेक एका दिवसात उरकायच्या. त्या काळात इंग्लंडमधल्या टेस्टसुद्धा तीन दिवसांच्या असायच्या. आणि अमेरिकन माणूस लांब मॅच बघायला जात नव्हता म्हणाल तर जगातली पहिली आंतरराष्ट्रीय क्रिकेट मॅच न्यूयॉर्कमध्ये झालीये, १८४४ च्या सप्टेंबरमध्ये, अमेरिका विरुद्ध कॅनडा, आणि तिच्यावर भरपूर पैजा लागल्या होत्या. कॅनडा २३ रनांनी जिंकली.

खरा फरक मला दुसरीकडे दिसतो, नियम कोणाच्या हातात होते त्यात. बेसबॉलवाले दरवर्षी बसायचे आणि जे जमत नाही ते बदलायचे. उदाहरण घ्या, पिचरने किती खराब बॉल टाकले की बॅटरला फुकट पहिला बेस द्यायचा? १८७९ मध्ये नऊ, मग आठ, सात, सहा, परत सात, पाच, आणि १८८९ मध्ये चार, तो आजपर्यंत चारच आहे. १८८७ पर्यंत तर बॅटर पिचरला सांगू शकायचा की मला बॉल वर टाक किंवा खाली टाक, हॉटेलात ऑर्डर द्यावी तसं! मग तेही काढलं. पिचरचं अंतर वाढत वाढत १८९३ मध्ये ६० फूट ६ इंच झालं. एखादी गृहिणी आमटी चाखत चाखत मीठ टाकते ना, तसा हा खेळ शिजला. क्रिकेटचे कायदे मात्र लंडनला एमसीसी नावाच्या क्लबकडे, फिलाडेल्फियाच्या पोरांनी कितीही डोकं चालवलं तरी पातेलं दुसऱ्याच्या घरात.

"बेसबॉल तर अस्सल अमेरिकन, त्याचा क्रिकेटशी काय संबंध"

अ‍ॅबनर डबलडे नावाच्या माणसाने १८३९ मध्ये कूपर्सटाउनला बेसबॉल शोधला अशी गोष्ट अमेरिकेत शाळेपासून सांगत आलेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका समितीने तसा निकालच दिला होता. पण १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होता, आणि बेसबॉल हे नाव १७४४ मध्ये लंडनला छापलेल्या मुलांच्या पुस्तकात सापडतं. म्हणजे दोन्ही खेळ इंग्लंडच्याच मातीतले, चुलत भावंडं म्हणा.

आणि भावंडं एकाच घरात वाढली. अमेरिकेतली पहिली उघडपणे पगारी बेसबॉल टीम, १८६९ ची सिनसिनाटी, ती उभी करणारा हॅरी राइट हा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि त्याचा बाप न्यूयॉर्कच्या क्लबात क्रिकेटचा पगारी कोच. बेसबॉलच्या आकड्यांचा तो प्रसिद्ध तक्ता पेपरात आणणारा हेन्री चॅडविक, हाही इंग्लंडमध्ये जन्मलेला, आधी क्रिकेटचा वार्ताहर, आणि तो तक्ता क्रिकेटच्या स्कोअरकार्डावरूनच सुचलेला. १८७४ मध्ये बोस्टन आणि फिलाडेल्फियाच्या बेसबॉल टीम इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांनी तिथे बेसबॉल दाखवला आणि मधेमधे क्रिकेटही खेळले, अकरांसमोर अठरा जण उतरवून का होईना, पण हरले नाहीत. त्यांची फिल्डिंग आणि थ्रो बघून इंग्लिश लोक चाट पडले.

बॉल वळवायची विद्या

कॉलेजचा खेळ आणि मोठा खेळ यांच्यात विद्या कशी फिरायची त्याचं एक उदाहरण. कँडी कमिंग्स नावाचा ब्रुकलिनचा पोरगा, लहानपणी समुद्राकाठी शिंपले फेकताना ते वळतात हे त्याने बघितलं आणि बॉल असा वळवता येईल का या नादाला लागला. १८६७ मध्ये त्याने मॅचमध्ये वळणारा बॉल पहिल्यांदा नीट टाकला तो हार्वर्डच्या टीमविरुद्ध. हा वळतो कसा? टेबल टेनिसमध्ये बॉलला जोरात फिरकी दिली की तो हवेतच वाकतो ना, तेच. फिरणारा बॉल एका बाजूची हवा जास्त ओढतो आणि त्यामुळे त्याचा रस्ता वाकतो.

बॉल असे वळायला आणि जोरात यायला लागल्यावर बॅटरच्या मागे उभा राहणाऱ्या कॅचरच्या तोंडाची काळजी वाटायला लागली. तेव्हा हार्वर्डचाच कॅप्टन फ्रेड थेअर याने तलवारबाजीच्या मास्कवरून जाळीचा मास्क बनवला, १८७७ मध्ये तो मॅचमध्ये वापरला आणि १८७८ मध्ये पेटंटही घेतलं. पहिल्यांदा लोक हसले म्हणे. हेल्मेट घालणाऱ्याला हसायची पद्धत सगळीकडे सारखीच.

आता हीच विद्या उलट्या दिशेने क्रिकेटमध्ये कशी आली बघा. बार्ट किंग, फिलाडेल्फियाचा, आधी बेसबॉल खेळणारा, कॉलेजचा नव्हे पण कॉलेजच्या पोरांच्या खांद्याला खांदा लावून फिलाडेल्फियाच्या टीममध्ये खेळला. पिचरसारखी दोन्ही हात डोक्यावर नेऊन सुरुवात आणि शेवटच्या क्षणी हवेत आत घुसणारा बॉल. १८९७ मध्ये इंग्लंडला होव्हच्या मैदानावर समोर ससेक्स, त्यात आपले रणजितसिंहजी, तेव्हा जगातल्या सगळ्यात भारी बॅटरांपैकी एक. किंगने रणजींना पहिल्याच बॉलला बोल्ड काढलं, १३ रन देऊन ७ विकेट, ससेक्स सगळी मिळून ४६. आणि १९०८ मध्ये तर इंग्लंडच्या सीझनमध्ये ११.०१ च्या सरासरीने ८७ विकेट, सरासरीत अख्ख्या इंग्लंडमध्ये पहिला, आणि ती सरासरी पुढची पन्नास वर्षं कोणी मोडली नाही.

त्याच १८९७ च्या दौऱ्यात टीमच्या बॅटिंगमध्ये सगळ्यात पुढे होता जॉन लेस्टर, हॅवरफर्डचा. १८९३ मध्ये याच फिलाडेल्फियाने ऑस्ट्रेलियाला एक डाव आणि ६८ रनांनी हरवलं होतं. ऑस्ट्रेलियन नुकतेच बोटीतून उतरले होते आणि पुढची मॅच त्यांनी जिंकली हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, पण फिलाडेल्फियाने केलेले ५२५ रन समोरच्याला बोट लागल्यामुळे नाही ना होत.

खेळायला कोणाला मिळायचं

इथे बेसबॉलच्या बाजूने बोलायला हवं, निदान थोडं. व्हासार या मुलींच्या कॉलेजात १८६६ मध्येच बेसबॉलचे क्लब होते, मुली झगे घालून खेळायच्या. ओबर्लिन कॉलेजच्या टीमकडून १८८१ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा काळा विद्यार्थी खेळला आणि १८८४ मध्ये टोलेडोकडून मोठ्या लीगमध्ये पोचला. पुढे तिथल्या मालकांनी काळ्या खेळाडूंना दार बंद केलं ते थेट १९४७ पर्यंत, म्हणजे फार कौतुकही करायला नको.

क्रिकेट मात्र क्लबांत गेलं, आणि क्लब म्हणजे मेंबरशिप, ओळखपाळख, आडनावं. आणि मग त्या क्लबांनीच घात केला. हिरवळ तयार होती, दोन-चार तासांत संपणारा, बायका-पुरुष मिळून खेळता येणारा टेनिस आला आणि मेंबर तिकडे वळले. फिलाडेल्फिया क्रिकेट क्लबमध्ये १८८७ मध्ये अमेरिकेची पहिली महिला टेनिस चॅम्पियनशिप झाली, आणि १९०७ मध्ये गोल्फची यूएस ओपन. नाव क्रिकेट क्लब आणि आत टेनिस-गोल्फ, आपल्याकडचे काही जिमखाने आठवले तर माझा दोष नाही. म्हणजे अमेरिकेत क्रिकेटला बेसबॉलने मारलं असं म्हणतात, पण शेवटची हिरवळ टेनिसने नेली.

उरलीसुरली कसर लंडनने भरून काढली. १९०९ मध्ये इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी जी संघटना काढली तिच्या नावातच इम्पिरियल, म्हणजे साम्राज्याची. अमेरिका साम्राज्यात नाही, मग बाहेर, १९६५ पर्यंत. ज्याच्या बोलरने आदल्याच वर्षी तुमच्या देशात पहिला नंबर काढला त्याला तुम्ही घरात घेत नाही, याला काय म्हणावं.

तोवर बेसबॉल पार जपानला

होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ च्या सुमारास टोकियोतल्या विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकवला. २३ मे १८९६ ला टोकियोच्या इचिको कॉलेजच्या पोरांनी योकोहामातल्या परदेशी लोकांच्या क्लबला २९-४ असं धुतलं, जो क्लब त्यांच्याशी खेळायला बरीच वर्षं टाळाटाळ करत होता. पेपरांत जल्लोष, कॉलेजात जल्लोष. त्याच्या सहा वर्षं आधी मुंबईत पारशी टीमने व्हर्ननच्या इंग्लिश टीमला हरवलं तेव्हा जे वाटलं असेल ना लोकांना, तेच तिकडे. खेळ वेगळा, खाज तीच.

आणि २०२४ मध्ये

न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ काउंटीत वर्ल्ड कपसाठी तात्पुरतं स्टेडियम उभं केलं तेव्हा खेळपट्टी कुठून आणली आठवतंय? ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या माणसांच्या देखरेखीखाली ती फ्लोरिडात ट्रेमध्ये वाढवली आणि ट्रकवर लादून न्यूयॉर्कला आणली. बॉल कधी गुडघ्याला तर कधी हनुवटीला, श्रीलंका ७७ ला आउट, आयर्लंड ९६ ला, आपण पाकिस्तानविरुद्ध ११९ करूनही जिंकलो. टीव्हीवर सगळे खेळपट्टीला शिव्या देत होते. स्पर्धा झाली, स्टेडियमचे गज उलगडले, आणि तिथे परत पार्क झालं. हॅवरफर्डमध्ये मात्र कॉलेजची अधिकृत (व्हर्सिटी) क्रिकेट टीम अजून आहे, अख्ख्या अमेरिकेत अशी एकच, आणि दरवर्षी तिच्यात काही पोरं अशी येतात ज्यांनी आधी फक्त बेसबॉलची बॅट धरलेली असते.